वारांच्या नावांचे नागपूर

इंग्लंडात गावाला बाजाराचा हक्क राजाच्या सनदेने मिळे. आपल्या नागपुरात आठवडी बाजारांनी वस्त्यांना नावेच दिली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. गोंड राजा बख्त बुलंदशहाने खेडी जोडून वसविलेले हे गाव पुढे भोसल्यांची राजधानी झाले आणि पेठा वाढल्या. १८६७ मध्ये आगगाडी आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. इतवारीतल्या सराफ ओळीला, किराणा ओळीला आता रविवारची वाट पाहावी लागत नाही. सोय झाली खरी. परंतु आठ दिवसांनी खेडे शहराला भेटत असे, ती भेट विरळ झाली. वार सरला, नाव उरले. हे शहर खेड्यांच्या कष्टांवर उभे राहिले, एवढे तरी त्या नावाने आपल्याला स्मरावे.