मेंढीचा भाव आणि आखाताची वाट

दिवाळी सरली की माण, खटाव, नगर भागातले धनगर मेंढरांची खांडं घेऊन पश्चिमेकडे निघतात. वारज्यात जिथे मुठेकाठी शेतं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, त्यामुळे मेंढरं बसवायला जागा राहिली नाही. महामार्गाच्या कडेने जाणारं एखादं खांड मात्र अजूनही दिसतं. आपल्या वस्तीत मटण किलोला सातशेच्या वर गेलं, तेव्हा घरोघरी एकच सवाल ऐकू आला : एवढा पैसा जातो कुणाकडे?

मेंढपाळाकडे जातो म्हणावं तर हिशेब जुळत नाही. यवत, लोणंद, चाकणच्या बाजारात बहुतेक जनावर काट्यावर चढतच नाही. पाठीवर हात फिरवून, अंदाजाने, उक्ता सौदा होतो. तीस किलोच्या मेंढ्याचं मटण चौदा-पंधरा किलो पडतं. हे व्यापाऱ्याला पाठ असतं, मेंढपाळालाही असतं. पण घरात आजारपण, लग्न किंवा तोंडावर आलेला पावसाळा असेल तर तो जनावर परत नेऊ शकत नाही. त्याने भाव सांगावा आणि समोरच्याने ऐकावा, असे दिवस वर्षात थोडेच, ईदुल अज्हाच्या आधीचे. लोकरीचा आधार तर केव्हाच गेला. दख्खनी मेंढीची भरड लोकर कातरायची मजुरीही सुटत नाही.

मग वाटतं, आखातात पाठवावं. तिथे आपल्यापैकी किती घरांची माणसं आहेत, आणि भारताचं शेळी-मेंढीचं मटण सर्वात जास्त जातं तेही अमिरातीलाच. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे ९,६०० टन मटण गेलं, मोल सुमारे ५३७ कोटी. भागाकार केला तर किलोला साधारण ५६० रुपये पडतात. हा घाऊक भाव, आपला दुकानातला. तुलना सरळ नाही. तरी एवढं कळतं की निर्यात म्हणजे सोन्याची खाण नव्हे. देशातलाच ग्राहक चांगला पैसा मोजतो आहे.

जिवंत जनावर पाठवण्याचाही प्रयत्न झाला. जून २०१८ मध्ये नागपूरहून शारजाला सुमारे दोन हजार शेळ्या-मेंढ्या विमानाने जायच्या होत्या. पुढाकार होता तेव्हाचे राज्यसभा खासदार डॉ. विकास महात्मे यांचा, जे स्वतः धनगर समाजाचे. विरोध झाला आणि कार्यक्रम थांबला. पुढे २०२३ मध्ये जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीचा नवा मसुदा केंद्राने आणला, तोही विरोधानंतर मागे घेतला. जनावराचे हाल होऊ नयेत हे आम्हालाही मान्य. आपल्या दीनचीही तीच ताकीद आहे. ऑस्ट्रेलियानेही समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं १ मे २०२८ पासून बंद करण्याचा कायदा केला आहे. पण तिथे मेंढपाळांना पर्यायासाठी सरकारी पैसा ठेवला गेला. नागपुरात विमान थांबलं तेव्हा मेंढपाळाने काय करायचं, याची चर्चा फार कमी झाली.

आमच्या मते विमानापेक्षा काटा आधी यावा. बाजार समितीत जिवंत वजनावर सौदा, पीपीआरची लस वेळेवर, आणि जवळपास कत्तलखाना व शीतगृह असेल तर मटण इथे विको की दुबईत, मेंढपाळाच्या हाती काही तरी राहील. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गरोळे मेंढीचा जनुक दख्खनी मेंढीत आणला, त्यातून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार झाली. मेंढीमागे कोकरं जास्त, हा फायदा कुठल्याही करारापेक्षा खात्रीचा.

शाळेत आम्ही त्यांची मुलं पाहतो. दिवाळीनंतर हजेरीपटावर नाव राहतं, मूल वाड्याबरोबर कोकणात असतं. हुजूर (स.) यांनीही लहानपणी मक्केत मजुरीने बकऱ्या चारल्या, हे वर्गात सांगताना तो रिकामा बाक डोळ्यांत भरतो.

कुर्बानीसाठी आपल्याकडे बोकडच लागतो असा रिवाज पडला आहे. हनफी मसल्यानुसार सहा महिन्यांचा मेंढा वर्षाच्या जनावराएवढा भरलेला दिसत असेल तर चालतो. बोकडाला मात्र वर्ष पूर्ण लागतं. दोन-चार घरांनी मिळून सरळ धनगराच्या वाड्यावर जावं, सोबत टांगता काटा न्यावा, आणि समोर वजन करून किलोवर भाव ठरवावा. मेंढे आपापल्या नावाने वेगळे घ्यावेत; मेंढ्यात हिस्सा नसतो.