मुळ्याचा झणका कुठून येतो? स्वयंपाकघरातून संशोधनप्रश्नाकडे

पेट पास झालात, आता आरआरसीपुढे विषय मांडायचा आहे, आणि वहीत लिहिलंय, 'वऱ्हाडातील कंदमुळांचा अभ्यास'. विषय वाईट नाही, पण यात प्रश्न कुठे आहे? प्रश्नच नसेल तर दोन वर्षं नमुने गोळा करून शेवटी हातात फक्त नमुनेच राहतात. म्हणून आज विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते एका साध्या भाजीवरून बघू.

आधी ओळख : स्वीड आणि आपला मुळा

युरोपात स्वीड नावाची एक मूळभाजी खातात. वरून जांभळट, आतून पिवळसर, मुठीपेक्षा मोठी. स्कॉटलंडमध्ये ती उकडून, घोटून, लोणी-मिरपूड घालून खातात. तिला थंड, ओलसर हवा लागते, त्यामुळे अंजनगाव सुर्जीच्या बाजारात ती शोधू नका. पण तिचे नातेवाईक तुमच्या घरात आहेत. स्वीड हा सलगम आणि कोबी यांच्या संकरातून तयार झालेला प्राणी, म्हणजे वनस्पती! सलगमच्या गुणसूत्रांच्या १० जोड्या, कोबीच्या ९, स्वीडच्या १९. हे गणित १९३५ मध्ये यू नागाहारू या शास्त्रज्ञाने मांडलं. त्याच मांडणीत आपली फोडणीची मोहरीही बसते : सलगमच्या १० आणि काळ्या मोहरीच्या ८, मिळून १८. मुळा वेगळ्या प्रजातीतला असला तरी कूळ तेच.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे नाकात जाणारा झणका.

तयार तिखट आणि जागेवर बनणारं तिखट

अंजनगावच्या मळ्यातली पानपिंपळी चावून बघा. तिच्यातलं पायपरीन फळात आधीपासून तयार असतं. मिरचीतलं कॅप्सेसीनही तसंच. म्हणून मिरची कितीही शिजवा, रस्सा तिखट राहतोच.

मुळ्याचं तसं नाही. अख्ख्या मुळ्यात झणका जवळजवळ नसतोच. त्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका जागी असतात, आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या जागी. चिरलं, किसलं, चावलं की पेशी फुटतात, दोघं एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट बनतं. झणका तो हाच. कीड पानं कुरतडू लागली की तिला रोखायचा हा वनस्पतीचा बंदोबस्त आहे.

याचा पुरावा घरातच आहे. मोहरी गरम तेलात तडतडली की तिचा झणका जातो, कारण उष्णतेने विकर निकामी होतं. तीच मोहरी लोणच्यासाठी वाटून पाण्यात फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. मोहरी तीच, फक्त क्रम वेगळा.

आता प्रश्न नीट करू

'मुळा शिजवल्यावर चव बदलते का?' हा ढोबळ प्रश्न झाला. 'चव' म्हणजे काय? नाकात जाणारा झणका वेगळा, जिभेवरचा कडवटपणा वेगळा, शिजताना येणारा उग्र वास वेगळा. यातलं एकच निवडा. समजा झणका घेतला. मग प्रश्न असा होईल : मुळा आधी किसून मग शिजवला, आणि आधी शिजवून मग किसला, तर झणक्यात फरक पडतो का?

एकच मुळा घ्या. शेंडा आणि देठाकडचा भाग सारखा नसतो, म्हणून उभे चिरून तीन सारखे तुकडे करा.

पहिली वाटी : कच्चा किसून दहा मिनिटं ठेवलेला.
दुसरी वाटी : किसून दहा मिनिटं ठेवून मग शिजवलेला.
तिसरी वाटी : तुकडा तसाच शिजवून मग किसलेला.

दुसऱ्या वाटीत झणका आधी बनतो आणि मग वाफेबरोबर उडतो. तिसरीत विकर आधीच मरतं, त्यामुळे तो फारसा बनायलाच नको. तिन्ही वाट्या गार करून द्या. खाणाऱ्याला कोणती वाटी कशी ते सांगू नका, प्रत्येकाला वाट्यांचा क्रम बदलून द्या, आणि मध्ये कोरडी भाकर व पाणी द्या. आईला विचारून थांबू नका, निदान आठ-दहा जणांना विचारा. दुसरी आणि तिसरी वाटी सारखीच निघाली, तर तेही उत्तरच आहे.

खाणारा कोण, हाही प्रश्नच

कडवटपणा निवडलात, तर आणखी एक गुंता आहे. २००६ मध्ये सँडेल आणि ब्रेस्लिन यांनी लोकांना बऱ्याच कच्च्या भाज्या चाखायला दिल्या. काहींत ग्लुकोसिनोलेट होती, त्यात मुळा आणि स्वीडही. काहींत ती नव्हती. कडू चव ओळखणाऱ्या एका जनुकाचं विशिष्ट रूप असलेल्यांना पहिल्या गटातल्या भाज्या जास्त कडू लागल्या. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही. इथे शिकायचं ते हा दुसरा गट. तो नसता तर 'या लोकांना सगळंच कडू लागतं' ही शंका उरली असती. तुलनेसाठीच्या गटाचं काम हेच.

शिवाय नावड फक्त जनुकातून येत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक गेलं आणि जर्मनीत लोकांना स्वीडवर दिवस काढावे लागले. तो हिवाळा आजही स्वीडच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातली रेशनची मिलो आठवणाऱ्या आजोबांना विचारा, चव आणि आठवण कशी गुंतलेली असते ते कळेल. म्हणून चाखणाऱ्यांची निवड करताना वय आणि आधीची सवय लिहून ठेवा.

उरलेल्या मुळ्याचं काय?

भाजी करा. मुळा किसून, मीठ लावून पिळा, भिजवलेली मुगाची डाळ घ्या. तेलात मोहरी, लसूण, हिरवी मिरची तडतडू द्या, हळद टाका, डाळ आणि कीस घालून झाकण ठेवा. डाळ शिजली पण मोडली नाही की उतरवा. ज्वारीच्या भाकरीबरोबर आमच्याकडची ही 'मुयाची भाजी' छान लागते. परदेशात कोणाला स्वीड मिळालाच, तर जाड साल काढून याच फोडणीत बारीक फोडी टाका, फक्त शिजायला वेळ जास्त द्या.

आणि खाताना एक काम करा. पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर काय गेलं, हा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात काय बदलायचं, काय मोजायचं आणि कशाशी तुलना करायची, हे तिन्ही आलं का ते तपासा. आलं असेल तर विषय घेऊन गाईडकडे जायला हरकत नाही.