तुमच्या घराचा भाव मोबाइलला काय ठाऊक?

गणपतीत गावी गेलात की एक विषय निघतोच. आरती झाली, मोदक संपले, मुंबईकर पडवीत टेकले की कोणीतरी म्हणतं, 'ह्या घराचं आता काय येईल रे?' आमच्या तळेऱ्याच्या घरी यंदा या प्रश्नाचं उत्तर माझ्या चुलतभावाच्या मोबाइलने दिलं.

एका प्रॉपर्टी साइटवर त्याने गावाचं नाव, चौरस फूट आणि 'बेडरूम किती' एवढंच भरलं. काही सेकंदांत आकडा हजर! तोही इतका घसघशीत, की क्षणभर कोणी बोललंच नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं आहेत, राहतो मात्र आम्हीच. काका म्हणाले, 'एवढी किंमत असेल तर आमचा वाटा द्या.' बाबा म्हणाले, 'एवढे पैसे आणू कुठून?' विसर्जनापर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलले नाहीत.

मी मास कॉम शिकलेली. म्हटलं, हा आकडा येतो कुठून ते तरी बघू. आणखी दोन साइट्सवर तेच घर टाकलं. तीन साइट्स, तीन आकडे, आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात छोट्याच्या दुपटीहून जास्त. फॉर्म भरतानाच शंका यायला हवी होती. पर्याय काय, तर वन बीएचके, टू बीएचके, थ्री बीएचके. आता माजघर कशात धरायचं? पडवी म्हणजे बाल्कनी का? खळं, विहीर, मागची फणसाची झाडं यांना तर रकानाच नाही.

या साइट्सचं गणित तसं सोपं असतं. तुमच्या घरासारखी घरं आसपास कितीला गेली ते बघायचं, क्षेत्रफळ, वय, मजला यांनुसार कमी-जास्त करायचं आणि अंदाज सांगायचा. पुण्यात एकाच सोसायटीत एकाच मापाचे शंभर फ्लॅट असतील आणि वर्षाला त्यातले पाच-सहा विकले जात असतील, तर हा अंदाज बरा येतो. तळेऱ्यात काय होणार? घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली. एक चिऱ्याचं, कौलारू, दुसरं स्लॅबचं. विक्री तर क्वचितच. त्यात या साइट्सकडे बरेचदा विकणाऱ्याने जाहिरातीत मागितलेला भाव असतो, प्रत्यक्ष मिळालेला नसतो. मागायला काय, कोणी काहीही मागेल!

या खेळातली जगातली मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतली 'झिलो'. 2006पासून ती घरांच्या किमतीचा अंदाज सांगते आणि आपली चूक किती होते हेही स्वतःच जाहीर करते. विक्रीला काढलेल्या घरांसाठी ती साधारण 2 टक्के आणि न काढलेल्या घरांसाठी साधारण 7 टक्के. यातली गंमत बघा. घर विक्रीला लागलं की मागितलेला भाव यंत्राला दिसतो, म्हणजे ते 2 टक्के जवळजवळ उत्तर बघून सोडवलेल्या पेपरचे मार्क. शिवाय हा आकडा मधला आहे. निम्म्या घरांची चूक त्याहून जास्त असते. 2016मध्ये झिलोचे तेव्हाचे सीईओ स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं सिअॅटलमधलं घर 10.5 लाख डॉलरला विकलं गेलं, तेव्हा त्यांच्याच साइटवर अंदाज होता 17.5 लाख! पुढे अशा अंदाजांच्या जोरावर कंपनी स्वतःच घरं विकत घ्यायला लागली. नोव्हेंबर 2021मध्ये तो धंदा गुंडाळावा लागला आणि सुमारे पाव कर्मचाऱ्यांची नोकरी गेली.

जिथे विक्रीची माहिती ढिगाने मिळते तिथे ही गत. आपल्याकडे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा 'रेसिडेक्स' हा घरांच्या किमतींचा निर्देशांक आहे, तो 50 शहरांचा. त्यात सिंधुदुर्गातलं एकही ठिकाण नाही.

मग तुम्ही बघायचं कुठे? पहिली जागा म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाची वेबसाइट. तिथे रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता, फुकट बघता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा. आमच्यासाठी सिंधुदुर्ग, कणकवली, तळेरे. पण हा सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर आहे, त्याला बाजारात मिळणारा भाव समजू नका.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे त्याच विभागाच्या ई-सर्चवर मिळणारी सूची क्रमांक दोन, लोकांच्या भाषेत 'इंडेक्स टू'. गावात झालेल्या नोंदणीकृत व्यवहाराच्या या कागदावर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन रकाने असतात. पहिल्यात व्यवहार कितीला झाला ते, दुसऱ्यात सरकारी हिशेबाने किंमत. मी आमच्या गावचे असे कागद शोधत एक अख्खी दुपार घालवली. हाती लागले मोजकेच, आणि त्यात आमच्यासारखं घर एकही नव्हतं.

मोबदल्याचा रकानाही नेहमी खरं बोलतो असं नाही. काही पैसे कागदावर, काही हातात, हे तुम्हीही ऐकलं असेल. त्याचा फटका नंतर बसतो. महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा 2013च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरवताना रेडी रेकनरचा दर बघतात आणि आसपासच्या खरेदीखतांतले भावही बघतात. म्हणजे एकाने मुद्रांक शुल्क वाचवायला भाव कमी लिहिला, तर भोगायला शेजारीही.

शेवटी बाबांनी कणकवलीहून नोंदणीकृत मूल्यांकनकार बोलावले. त्यांनी बेडरूम मोजल्याच नाहीत. पहिला प्रश्न, 'घरापर्यंत गाडी येते का?' दुसरा, 'ही वाट कोणाच्या जमिनीतून जाते?' मग सातबारा, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, वाशांना लागलेली वाळवी. तळेऱ्यात महामार्गावर जागा असणं वेगळं, कोल्हापूर किंवा विजयदुर्गच्या फाट्याजवळ असणं वेगळं आणि आमच्यासारखं आत वाडीत असणं वेगळं. साइटला मात्र सगळं एकच 'तळेरे'. शेजारची आजी कुंपणापलीकडून ऐकत होती. म्हणाली, 'अगो, त्या मोबायलाक आपली वाट खंयसून जाता ता तरी म्हायत आसा काय?'

मूल्यांकनकारांचा आकडा मोबाइलच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पण त्याखाली सही-शिक्का होता आणि का कमी, ते चार पानं लिहिलेलं होतं. हे तुमच्याही कामाचं आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात आणि तेव्हा असाच अहवाल लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही.

अहवाल काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन दिवस निळ्या टिका नुसत्याच. मग फोन आला, 'दिवाळीत येतो, आधी मोजणीचा अर्ज करून टाकूया.' वाटणीचं पुढे काय होईल ते होईल, निदान दोघे बोलतायत.

चुलतभावाने परवा त्या साइटवर पुन्हा बघितलं. आकडा आणखी वाढलाय. इकडे मागची पडवी यंदाच्या पावसात गळायला लागलीय.