नृत्याची पदवी आणि बिदागीचा प्रश्न

परीक्षांचे निकाल लागले कीं पुण्यामुंबईकडील कित्येक सुखवस्तु घरांत एक वाद हटकून उपस्थित होतो. आठ-दहा वर्षें कथ्थक किंवा भरतनाट्यम् शिकलेली मुलगी म्हणते, 'मी नृत्याचीच पदवी घेईन.' तिच्या रंगप्रवेशाच्या दिवशीं जे वडील मोठ्या अभिमानानें पहिल्या रांगेंत बसले होते, तेच आतां 'छंद म्हणून ठीक, पण पोटाचें काय?' असें विचारूं लागतात. (मुलगा असेल तर विरोध दुप्पट!) हा प्रश्न विचारण्याचा वडिलांस अधिकार आहे, आणि कलेची थोरवी गाऊन तो उडवून लावणारांचे आम्ही चाहते नाहीं. परंतु या प्रश्नाचें अर्धें उत्तर खुद्द विचारणाराकडेच आहे.

विद्यापीठांनीं आपला वांटा उचलला आहे. बडोद्यास १८८६ सालीं निघालेल्या गायनशाळेची परंपरा पुढें तेथील विद्यापीठांत आली, व स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत तेथें नृत्याचें पदवीशिक्षण सुरू झालें. मुंबईस डॉ. कनक रेळे यांनीं १९७२ सालीं नालंदा नृत्यकला महाविद्यालय स्थापिलें. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं ललित कला केंद्र निघालें. तेथें नुसतें नाचणें शिकवितात अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची होय. तत्कार, अडवू व अभिनय यांचा रियाझ तर आहेच. त्याखेरीज नाट्यशास्त्र व अभिनयदर्पण यांचें अध्ययन, तालाचें लेखन, हातावर ताल धरून बोलांची पढंत, स्वतःची रचना बसविणें, हेंही करावें लागतें.

मात्र तीन-चार वर्षांच्या पदवीनें नर्तक निपजत नाहीं, हें पालकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. शरीर लहानपणापासून घडलेलें असावें लागतें. आणि घोटे व गुडघे हेंच ज्या धंद्याचें भांडवल, तो धंदा रंगमंचावर जन्मभर त्याच तेजानें चालत नाहीं. म्हणून अध्यापन, नृत्यदिग्दर्शन, संशोधन अशी दुसरी वाट आधींच पाहून ठेवावी. महाविद्यालयांत शिकवावयाचें तर पदव्युत्तर पदवी व त्यावर 'नेट' किंवा तत्सम पात्रता लागते. टाळ्या कांहीं नोकरीच्या अर्जास जोडतां येत नाहींत. पदवीचा रोकडा उपयोग आहे तो येथें. आमची विद्यापीठांस एवढीच सूचना आहे कीं, तिहाईचा हिशेब शिकवितां, तसा करारनाम्याचा व जमाखर्चाचाही शिकवावा.

आतां समाजाकडे वळूं. १८८० सालीं सयाजीराव महाराजांच्या घरीं तंजावरची वधू आली. तिच्यासमवेत तंजावरचे नर्तकी-वादकही बडोद्यास आले व संस्थानच्या कलावंत कारखान्यांत पगारी नोकर झाले. त्या नर्तकीस वेतन होतें, मान नव्हता. पुढें मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं व मद्रासेंत १९४७ सालीं देवदासींविषयीं कायदे झाले. ते अवश्य होते. परंतु ज्या घराण्यांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्यांच्या बहुतेक मुली मागें राहिल्या आणि आमच्या मुली पुढें आल्या, याचा विसर पडूं नये. आज पदवीधर नर्तकीस मान आहे. वेतनाची मात्र पंचाईत!

उत्सवमंडळें व व्यापारी संघ यांच्या कार्यक्रमांत मांडववाल्याचा, ध्वनिक्षेपकवाल्याचा, आचाऱ्याचा दर आधीं ठरतो. नर्तकीस मात्र 'आम्ही तुम्हांस व्यासपीठ देत आहों' असें सांगून शालश्रीफळावर बोळवितात. पोशाख, रंगभूषा, तबलजी आणि लेहरा धरणारा यांचा खर्च तिनें पदरचा करावा! फुकट माल मागून वर उपकाराची भाषा करणाऱ्या गिऱ्हाइकास आमचे व्यापारी वाचक दुकानाची कोणती पायरी दाखवितील? मुलीच्या पोटाची चिंता वाहणारे गृहस्थ पुष्कळदां अशाच मंडळाचे चिटणीस किंवा खजिनदार असतात. येत्या नवरात्राच्या अंदाजपत्रकांत त्यांनीं नर्तकीची बिदागी मांडवखर्चाच्या वर लिहावी, आणि ती कार्यक्रमापूर्वीं पोंचती करावी.