रोबो बनवला कोणी? स्पर्धेला जाण्याआधी विचारायचा प्रश्न



हल्ली आठवी-नववीच्या मुलांच्या तोंडी ‘रोबोटिक्स’ हा शब्द सारखा ऐकू येतो. स्पर्धेची सूचना निघाली की पालकांचा पहिला प्रश्न असतो, “सर, किट केवढ्याला येतं?” प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. रोबो बनवणार कोण? मूल, क्लासचे सर, की इंजिनिअर असलेले काका?

रोबो म्हणजे काय, हे सोलापुरात कसं सांगायचं?

आपल्या मुलांना हे समजावायला लांब जायला नको. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना तयार केली. तिच्यात भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. म्हणजे कार्डांची ती माळ हा मागाचा प्रोग्रॅमच झाला. नक्षी बदलायची तर कार्डं बदलायची.

यंत्रमागावर आणखी एक गंमत असते. धोट्यातून येणारा आडवा धागा तुटला, तर एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग थांबतो. हा काटा म्हणजे सेन्सर. जाणून घेणं, ठरवणं आणि कृती करणं, या तीन गोष्टी यंत्र आपली आपण करू लागलं की त्याला रोबो म्हणायचं. रिमोटवर पळणाऱ्या गाडीत जाणणं आणि ठरवणं मूलच करतं, हा फरक मुलांना आधी कळू द्या.

पहिला रोबो : रेषेवरून चालणारा

सुरुवातीला काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी उत्तम. सामान मोजकं लागतं : दोन मोटारी, दोन चाकं, पुढे एक फिरतं चाक, आर्डुइनो बोर्ड, मोटार ड्रायव्हर, बॅटरी आणि दोन इन्फ्रारेड सेन्सर. सेन्सर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली सोडतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून तो परत येतो, काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो. दोन सेन्सर रेषेच्या दोन बाजूंना ठेवायचे. मग नियम चारच :

- दोन्ही पांढऱ्यावर : सरळ चल.
- डावा काळ्यावर : डावी मोटार थांबव, म्हणजे गाडी डावीकडे वळेल.
- उजवा काळ्यावर : उजवी मोटार थांबव.
- दोन्ही काळ्यावर : थांब.

कागदावर हे अगदी सोपं दिसतं. पण वर्गात छान चाललेली गाडी खिडकीजवळ नेली की भलतीकडेच जाते. मुलं म्हणतात, “सर, काल तर चालत होती!” इथे लगेच उत्तर देऊ नका, त्यांना शोधू द्या. उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात, त्यामुळे सेन्सर फसतो. सोलापूरच्या उन्हात तर हे हमखास होतं. मग सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून तो नव्याने जुळवावा लागतो, किंवा पुठ्ठ्याची सावली करावी लागते. कधी बॅटरी उतरल्यामुळे वेग कमी होतो आणि वळणाचं गणित चुकतं. परावर्तन आणि विद्युतप्रवाह हे धडे तेव्हा मुलं आपणहून पुन्हा उघडतात. मोठ्यांनी येऊन गाडी दुरुस्त करून दिली, तर नेमका हाच भाग मुलांच्या हातून जातो.

स्पर्धा काय तपासतात?

फर्स्ट लेगो लीग ही स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्यात रोबोला अडीच मिनिटांत टेबलावरची कामं स्वतःहून करायची असतात. पण गुण तेवढ्याचेच नसतात. रोबोची रचना कशी ठरवली, एका प्रश्नावर काय उपाय शोधला आणि संघ म्हणून मुलं कशी वागली, हेही परीक्षक मुलांना समोर बसवून विचारतात. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून भरते, २०१६ ची आंतरराष्ट्रीय फेरी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला झाली होती. तिथे स्पर्धा चालू असताना प्रशिक्षक मुलांना सूचना देऊ शकत नाहीत. अशा वेळी सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम बंद पडला, तर मूल नुसतं उभं राहतं. दोन महिन्यांच्या मेहनतीनंतर त्याच्या मनात राहतं ते एवढंच, की ‘मला हे जमत नाही.’

शिक्षकांनी काय करावं?

१. मदत प्रश्नांतून करा. “कोणती मोटार फिरत नाही? तार बदलून पाहिलीस का?” स्क्रू-ड्रायव्हर मात्र मुलांच्याच हातात असू द्या.

२. कामं आळीपाळीने वाटा. पुष्कळदा मुलगे वायरिंग करतात आणि मुलींकडे फाईल अन् तक्ते येतात. दर आठवड्याला कामं बदलली की हे टळतं.

३. एक वही ठेवा. आज काय बिघडलं, काय करून पाहिलं, काय झालं, हे मुलांनी आपल्या भाषेत लिहावं. परीक्षकांसमोर हीच वही कामी येते.

४. निघण्याआधी एकदा गाडी पूर्ण सुटी करून मुलांना पुन्हा जोडायला सांगा. जमलं, तर रोबो त्यांचाच आहे!

किट नसेल तर?

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण प्रत्येक शाळेत ही लॅब नाही, आणि तोवर थांबायचीही गरज नाही. मैदानावर चुन्याची रेघ ओढा. एका मुलाचे डोळे बांधा, दोन मुलं त्याच्या दोन्ही बाजूंना उभी करा. त्यांनी फक्त ‘रेघ’ किंवा ‘मोकळं’ एवढंच बोलायचं. रोबो झालेल्या मुलाने वरचे चार नियम पाळत रेघ पार करायची. मग मुलांनाच नियम बदलायला सांगा : चौक आला तर काय? रेघ मध्येच तुटली तर? मुलं वाद घालतील, चुकतील, नियम पुन्हा लिहितील. प्रोग्रॅमिंगचा पहिला तास असा बिनखर्चात होतो.

पालकांनाही एक विनंती. मूल स्पर्धेहून घरी आलं की “नंबर आला का?” याच्या आधी “गाडी कुठे अडली आणि तुम्ही काय केलंत?” असं विचारून पाहा. सांगण्यासारखं त्याच्याकडे बरंच असेल.