स्टॉलवरून ग्रंथ घेताना : आपल्याकडे कोणती पुस्तके खपतात, का खपतात आणि काय पाहून घ्यावीत?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आमच्या भागातील माणसे रेल्वेने परत येतात. पूर्णा जंक्शनला उतरून ताडकळसकडे निघालेल्या या माणसांच्या पिशव्या पाहिल्या, तर कुणाकडे बाबासाहेबांची तसबीर असते, कुणाकडे पंचशील ध्वज, कुणाकडे नव्या वर्षाचे कॅलेंडर. पुस्तक मात्र जवळपास प्रत्येकाकडे असते. आमच्या वस्तीतील एका मावशींनी असाच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा जाडजूड ग्रंथ आणला. दिवसभराच्या खुरपणीची मजुरी त्यात गेली असेल. मावशींना अक्षरओळख नाही. मी सहज विचारले, “मावशी, एवढा मोठा ग्रंथ घेतलात, वाचणार कोण?” त्या म्हणाल्या, “मला नाही येत लेकरा, पण वर्षावासात इहारात कुणीतरी वाचंल की. दरसाल दुसऱ्याचं पुस्तक कशाला मागावं?”

समाजशास्त्र शिकताना वाचनसंस्कृतीवर बरेच काही वाचले होते. पण आपल्या समाजात पुस्तक का खपते, हे मला मावशींच्या या उत्तरातून अधिक नीट कळले. या लेखात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या स्टॉलवर कोणते ग्रंथ खपतात, एकाच ग्रंथाच्या एवढ्या आवृत्त्या का दिसतात आणि कष्टाचा पैसा देताना आपण काय तपासून घ्यावे.

यादीत न येणारा बाजार

मोठ्या शहरातील पुस्तकांच्या दुकानात ‘सध्या सर्वाधिक खपाची पुस्तके’ अशी यादी लावलेली असते. वर्तमानपत्रेही अशा याद्या छापतात. या याद्या बहुधा दुकानातील संगणकावर निघणाऱ्या बिलांवरून आणि पुस्तकावरच्या आयएसबीएन क्रमांकावरून तयार होतात. आपला बाजार वेगळा आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचे प्रवेशद्वार, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादर. आमच्या पूर्ण्यात भरणारी धम्म परिषदही त्यातच आली. तेथे ताडपत्रीखाली किंवा जमिनीवर चादर अंथरून पुस्तके मांडली जातात. व्यवहार रोखीने होतो आणि बिल कुणी मागत नाही. कित्येक पुस्तिकांवर आयएसबीएनही नसतो. त्यामुळे येथे कितीही पुस्तके विकली गेली, तरी ती कुठल्या यादीत दिसत नाहीत. ‘मराठी माणूस वाचत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा या स्टॉलसमोरची गर्दी पाहावी.

या बाजाराची एक मर्यादाही आहे. तो वर्षातून मोजके दिवस भरतो. एरवी आमच्याकडे दुकानात वही, पेन, गाईड आणि पोलीस भरतीची पुस्तके मिळतात. ‘बलुतं’ मागितले, तर परभणीला जा म्हणतात. त्यामुळे त्या चार-सहा दिवसांत जे हाती लागते, त्यावरच वर्षभराचे वाचन चालते. म्हणून निवड चुकली, तर वर्ष वाया जाते.

पहिल्या रांगेतला ग्रंथ

माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही स्टॉलवर पहिल्या रांगेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असतो. या ग्रंथाचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा. सप्टेंबर १९५६ मध्ये ग्रंथाची छपाई पूर्ण होत आली होती, पण खर्चाचा भार मोठा होता. बाबासाहेबांनी १४ सप्टेंबर १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धांच्या २५०० व्या जयंतीनिमित्त देशविदेशातून येणाऱ्या विद्वानांना आणि ग्रंथालयांना देण्यासाठी सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती त्यात होती. त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. पत्र बुद्ध जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले गेले. त्यांनीही असमर्थता कळवली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. ज्या ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारला घेता आल्या नाहीत, तो आज शेतमजुरी करणाऱ्या बाया स्वतःच्या पैशाने घेतात.

हा ग्रंथ खपण्याचे कारण केवळ श्रद्धा नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांत याचे सामुदायिक वाचन होते. ग्रंथ आठ खंडांत आहे, वाक्ये लहान आणि क्रमांक घातलेली आहेत. त्यामुळे आज कुठे थांबलो आणि उद्या कुठून सुरू करायचे, हे लगेच कळते. दहावीतली मुलगी वाचते आणि पन्नास जण ऐकतात. म्हणजे एक प्रत विकली गेली, तरी वाचक पन्नास. हा हिशेब खपाच्या कोणत्याही यादीत मांडता येत नाही.

त्यानंतर काय खपते?

संख्येने पाहिले, तर वंदनेची छोटी पुस्तिका सर्वांच्या खिशात असते. बौद्ध पूजापाठाचे संकलन स्वतः बाबासाहेबांनी केले होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

दुसरे पुस्तक संविधानाचे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोरील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर आंदोलन झाले, धरपकड झाली आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत आमच्या वस्तीतील कितीतरी घरांत भिंतीवर उद्देशिका होती, पण अटकेबद्दल संविधान काय म्हणते, हे सांगणारे पुस्तक नव्हते. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे, हे सारे अनुच्छेद २२ मध्ये आहे. आमच्यापैकी अनेकांनी ते पान त्या वेळी पहिल्यांदा उघडले. संविधान घरात असावे ते यासाठी.

तिसरे पुस्तक ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आयोजित केलेले अधिवेशन रद्द झाले आणि न झालेले हे भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. मराठीत ते वेगवेगळ्या अनुवादकांनी वेगवेगळ्या नावांनी आणले आहे. नाव वेगळे पाहून एकच पुस्तक दोनदा घेतलेले लोक मला भेटले आहेत.

चरित्रांमध्ये धनंजय कीर यांचे एकखंडी चरित्र आणि चांगदेव खैरमोडे यांचे बारा खंडांचे चरित्र यांना मागणी असते. बारा खंड एका घराला परवडत नाहीत, ते विहाराने घ्यावेत. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ ही लहान पुस्तके कमी किमतीमुळे हातोहात जातात. आत्मकथनांत दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही पुस्तके आजही विचारली जातात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांविषयीचे पुस्तक मात्र तुलनेने कमी विचारले जाते. महिला मंडळांनी ते मागून घ्यावे, असे मला वाटते.

अलीकडे याच स्टॉलवर ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘इकिगाई’ अशा पुस्तकांचे मराठी अनुवादही दिसतात. तरुण मुले ती घेतात. त्यात चुकीचे काही नाही. पैशाचा हिशेब आणि शिस्त शिकायलाच हवी. एवढेच लक्षात ठेवावे की, ही पुस्तके गरिबीचे कारण माणसाच्या सवयीत शोधतात. ‘बलुतं’ वाचले की सवयीच्या मागची व्यवस्था दिसते. दोन्ही वाचणारा मुलगा स्वतःला दोष देत बसणार नाही आणि हातावर हात ठेवूनही बसणार नाही.

एकाच ग्रंथाच्या एवढ्या आवृत्त्या कशा?

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. बाबासाहेबांचे निधन १९५६ चे. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९५७ चा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून खुला झाला. आता तो कुणीही छापू शकतो. यामुळे किमती उतरल्या, ही चांगली गोष्ट झाली. मात्र काटछाट केलेल्या आणि मुद्रणदोषांनी भरलेल्या आवृत्त्याही बाजारात आल्या. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. त्यामुळे जुना मराठी अनुवाद परवानगीशिवाय छापता येत नाही आणि काही जण घाईघाईने नवा अनुवाद करून घेतात.

दुसरे कारण सरकारी छपाईचे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून प्रकाशित केले. वसंत मून यांच्या संपादनामुळे ते जगभर प्रमाण मानले गेले आणि किंमतही सामान्यांना परवडणारी होती. पण अनेक खंड वर्षानुवर्षे मिळत नाहीत. लाखो प्रतींसाठी कागद विकत घेऊनही छपाई रखडल्याची बातमी आली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. सरकारी खंड मिळत नाही, तेव्हा त्याची जागा बाजारातली कोणतीही आवृत्ती घेते.

घेताना काय पाहावे?

आमच्या विहारात एका वर्षावासात गोंधळ झाला. वाचणाऱ्याच्या हातातले पुस्तक आणि मावशींनी आणलेले पुस्तक जुळेना. क्रमांक वेगळे, काही प्रकरणे गायबच. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द कुठेच नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून आम्ही स्टॉलवर जाणाऱ्या प्रत्येकाला पाच गोष्टी सांगतो.

१. आतले पहिले पान उघडा. अनुवादकाचे नाव, प्रकाशकाचा पत्ता आणि आवृत्तीचे वर्ष नसेल, तर पुस्तक परत ठेवा. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या जुन्या अनुवादावर घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांची नावे असतात.

२. अनुक्रमणिका पाहा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये आठ खंड हवेतच. पुस्तक फारच पातळ वाटले, तर ‘हे संपूर्ण आहे का?’ असे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. प्रामाणिक विक्रेता खरे सांगतो.

३. सुविचारांच्या पुस्तकापासून सावध राहा. प्रत्येक वचनाखाली ते कोणत्या भाषणातले किंवा कोणत्या ग्रंथातले, हे दिलेले नसेल, तर ते बाबासाहेबांचेच आहे याची खात्री नाही.

४. मराठीच वाचता येत असेल, तर शासनाचा खंड १८ आधी शोधा. त्याच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. ती साध्या माणसांसमोर केलेली असल्यामुळे समजायला सोपी आहेत.

५. सरकारी खंड आणि ‘भारताचे संविधान’ यासाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. त्या गावी कुणी दवाखान्यासाठी किंवा परीक्षेसाठी जाणार असेल, तर त्याच्याकडे वस्तीची यादी द्या.

ग्रंथ घरी आल्यावर

आपल्या घरांत ग्रंथ बुद्धमूर्तीशेजारी निळ्या कापडात ठेवलेला दिसतो. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांनी पुस्तकाचा मान ठेवणे मी समजू शकतो. पण कापड वर्षभर सुटलेच नाही, तर ग्रंथही मूर्तीसारखा होतो. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून राजगृह बांधले, त्यांना हे नक्कीच आवडले नसते.

म्हणून आम्ही एक साधी पद्धत सुरू केली आहे. गावातून बाहेर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी विहारात बसून ठरवायचे, कोण कोणते पुस्तक आणणार. दहा घरांनी एकच ग्रंथ आणण्याऐवजी दहा वेगळे आणायचे. आणलेली पुस्तके एका वहीत लिहायची आणि पौर्णिमेला अदलाबदल करायची. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी लागते. वस्तीतील वाचनालयाची मागणी ग्रामसभेत लेखी द्यायची. गावात मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालय असेल, तर तेथेही आपली यादी द्यायची.

मावशींचा तो अपुरा ग्रंथ आम्ही टाकून दिला नाही. पुढच्या वेळी वस्तीने वर्गणी काढून संपूर्ण प्रत आणली आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहिले. आता आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू होते, तेव्हा मावशी पहिल्या रांगेत बसतात. त्यांची नात वाचते. एखादा क्रमांक चुकून सुटला, तर मावशीच हात वर करून म्हणतात, “थांब, मधलं राहिलं.”

जय भीम! नमो बुद्धाय!