आधी स्टिअरिंग, मग सायलेन्सर

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात जुनी जीप सहजासहजी विकली जात नाही. अब्बांनी घेतलेली, चाचांनी लोणंदच्या बाजारात कांद्यासाठी फिरवलेली, लग्नकार्यात सगळ्या नातलगांना वाहून आणलेली गाडी गोठ्याशेजारी उभी असते. मग घरातला एखादा तरुण मुलगा ती बाहेर काढतो. त्याच्या दोन हौशी ठरलेल्या असतात. जड स्टिअरिंग हलकं व्हावं म्हणून पॉवर स्टिअरिंग, आणि इंजिनाचा दम वाढावा, आवाज भारदस्त व्हावा म्हणून बाजारात मिळणारे हेडर. हे दोन्ही बसवता येतं, पण बॉनेटखाली दोघांनाही पुष्कळदा एकच जागा हवी असते. त्या जागेचा हिशेब चुकला तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. त्याच गाडीतून अम्मी आणि लहान मुलं सालप्याचा घाट उतरणार असतात.

या जीपचा इतिहासही आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४५ साली सुरू झालेल्या कंपनीचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अमेरिकन विलीज कंपनीच्या परवान्यावर तिने आपल्याकडे जीप बनवली.

हेडर म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत तो बिडाच्या एका जाड मॅनिफोल्डमध्ये जमा होतो आणि तिथून सायलेन्सरकडे जातो. मॅनिफोल्ड वजनदार असतो, पण जागा थोडी घेतो, आवाज दाबतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पातळ पत्र्याचा वेगळा पाइप असतो आणि सगळे पाइप पुढे एकत्र येतात. एका पाइपातून जोरात गेलेला वायू दुसऱ्यातला वायू ओढून घेतो, त्यामुळे इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. हा फायदा मुख्यतः पेट्रोल इंजिनाला, तेही वेगाने फिरताना जाणवतो. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल जीपला त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे वाढतो तो आवाज, आणि आवाज म्हणजे ताकद नव्हे.

अडचण कुठे येते?

ही डोकेदुखी मुळात अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांची. तिथल्या व्ही-आठ इंजिनात पाइप दोन्ही बाजूंनी उतरतात, म्हणजे एक बाजू स्टिअरिंगची असणारच. १९६४ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या पॉवर स्टिअरिंगचा तेलावर चालणारा दांडा इंजिनाच्या खालून आडवा जातो. लांब हेडर बसवले की पाइप नेमके त्यावर येतात. म्हणून तो दांडा थोडा खाली घेणारा ब्रॅकेट तिथे वेगळा विकत मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे आखूड हेडर. आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, म्हणजे मूळ मॅनिफोल्ड तसाच ठेवणं.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत सिलिंडर एका रांगेत असतात आणि धूर एकाच बाजूने निघतो. अँबेसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात तो डाव्या बाजूला निघतो आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तिथे निम्मा प्रश्न सुटतो. म्हणून पहिलं काम हेच : बॉनेट उघडून पाइप कुठल्या बाजूला उतरतो आणि स्टिअरिंगचा दांडा कुठून जातो ते पाहणं. जुन्या जीपला नंतरच्या गाडीचा पंप आणि स्टिअरिंग बॉक्स बसवायचा असेल, तर नवा बॉक्स जुन्यापेक्षा मोठा आहे हेही ध्यानात ठेवावं.

उष्णता आणि तेल

जोर लागलेल्या पेट्रोल इंजिनाचा वायू ६००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पॉवर स्टिअरिंगच्या रबरी नळीत दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या आसपास दाब असू शकतो. तापलेल्या पाइपाजवळ नळी कडक होते, चिरते, आणि तेल पाइपावर उडालं तर आग लागू शकते. तेल गेलं तरी चाकांशी असलेला जोड तुटत नाही. मात्र स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि घाटातल्या वळणावर तेवढंही पुरतं. काही गाड्यांत दांड्याच्या जोडावर रबरी कपलिंग असतं. ते सतत भाजत राहिलं तर हळूहळू निकामी होतं.

उस्तादांना काय विचारावं?

आपल्यापैकी कितीतरी घरांत गॅरेजचा धंदा आहे, त्यांना हे शिकवण्याची गरज नाही. पण गाडी देणाऱ्याने पुढच्या गोष्टी स्वतः पाहाव्यात.

स्टिअरिंग आधी बसवावं, पाइप नंतर. पाइप वाकवता येतो, कापून जोडता येतो. स्टिअरिंगचा दांडा किंवा बॉक्स घासू नये, तापवू नये, त्यावर वेल्डिंग करू नये.

पाइप आणि दांडा यांत निदान अर्धा इंच मोकळी जागा हवी, नळीसाठी त्याहून जास्त. इंजिन रबरावर बसलेलं असतं, रेस दिली की ते कलतं. म्हणून बंद गाडीचं माप पुरेसं नाही. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती त्या फटीत लावावी, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवावं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी.

मध्ये पत्र्याची ढाल बसवावी. पाइपाला गुंडाळायची पट्टी उष्णता अडवते, पण ओल धरते आणि साधा लोखंडी पाइप लवकर गंजतो.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलणं, गॅसकिट बसवणं अशा ठरावीक गोष्टींना परवानगीची वाट आहे. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय नियमांप्रमाणे आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, आणि धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावा. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावं.

आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. हौसेपायी इंजिनाभोवती कापाकापी केली तर हा मान हातचा जाऊ शकतो.

मुलाची हौस मोडू नये. त्याच्या हातात कला असेल तर तिला दिशा द्यावी. पैसे थोडेच असतील तर आधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचे जोड नवे करावेत. मग परवानगी घेऊन पॉवर स्टिअरिंग. हेडरची पाळी सगळ्यात शेवटी, तीही जागा, कायदा आणि शेजाऱ्यांची झोप तिघांनीही होकार दिला तरच. काढलेला मूळ मॅनिफोल्ड मात्र भंगारात देऊ नका, तेल लावून पोत्यात बांधून ठेवा. पुढेमागे तोच परत बसवावा लागेल.